पास, नापास आणि बाईंची वही

सही कुठे करावी आणि कुठे करू नये, हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवत नाही. बँकेत चिकटल्यावर तर हा विवेक पहिल्या सहा महिन्यांतच सुटतो. व्हाउचरवर सही, स्क्रोलवर सही, किल्ल्यांच्या रजिस्टरवर सही, अग्निशामक नळकांडं जागेवर आहे म्हणून सही. माझ्या लग्नाच्या नोंदणीच्या वेळी मी सवयीनं आधी वरची तारीख तपासली आणि सहीच्या वर ‘पडताळले’ असं लिहायला घेतलं होतं. आमची सौ. हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगते. पडताळले असते तर बरे झाले असते, असं तिचं त्यावरचं भाष्य असतं.

या हजारो सह्यांपैकी एक सही मात्र माशाच्या काट्यासारखी घशात अडकली आहे. ती मी एका रविवारी केली.

बँकेचं सॉफ्टवेअर बदलणार होतं. म्हणजे अगदी नवं येणार नव्हतं, जुन्यालाच ठिगळ लागणार होतं. मुख्य कचेरीच्या भाषेत ‘अपग्रेड’. असं ठिगळ लागण्याआधी शाखेतल्या चार माणसांनी ते वापरून बघायचं असतं. या विधीला ‘यूएटी’ म्हणतात. म्हणजे वापरणाऱ्यानं पसंती देण्यापूर्वी घ्यायची परीक्षा. मुलगी बघायला जातात त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे लग्न आधीच ठरलेलं असतं, पत्रिका छापून झालेल्या असतात, कार्यालयाला आगाऊ रक्कम गेलेली असते आणि पोहे तेवढे खायचे राहिलेले असतात. आमच्याकडे पोह्यांच्या जागी पोवई नाक्यावरून आणलेले वडापाव होते.

परीक्षेसाठी २१२ ओळींची यादी आली होती. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने, पास आणि नापास. माणसं चार, वेळ दहा ते पाच. मी कॉमर्सचा माणूस, हिशोब लगेच केला. माणशी ५३ ओळी, ओळीला आठ मिनिटंही नाहीत. त्यातच चहा, वडापाव आणि लिंक जाणं.

माझ्या वाट्याला ८७वी ओळ आली. ‘ज्येष्ठ नागरिक मुदत ठेव. मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकरण. व्याजदर योग्य.’ आता वाचकहो, ठेवीचं नूतनीकरण बघायचं तर आधी ठेवीची मुदत संपावी लागते. मी साडेअकराला परीक्षेच्या यंत्रावर एक वर्षाची ठेव उघडली. ती संपणार पुढच्या वर्षी, आणि यादी परत पाठवायची होती संध्याकाळी पाचला. यंत्राची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार मुंबईला, आणि मुंबईत रविवार होता. मी शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, ‘हिचं काय करू?’ त्याच्या तोंडात वडापाव असल्यामुळे त्यानं नुसती मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, हे मला आजही नक्की आठवत नाही. मी ‘पास’ लिहिलं. खाली सही केली.

काही महिन्यांनी काउंटरवर बाई आल्या.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७१, मुक्काम शाहूपुरी. अर्ध्या साताऱ्याला त्यांनी पाढे शिकवले आहेत, त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांना त्या ‘अरे-तुरे’ करतात. आमच्या मॅनेजरसाहेबांना तेवढं ‘अहो’ म्हणतात, कारण ते नागपूरचे. बाईंनी पिशवीतून आधी पासबुक काढलं, मग एक शंभरपानी वही काढली, आणि वहीतल्या पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे बघ. तीन लाखांवर सात टक्क्यांनी तीन महिन्यांचे होतात ५,२५० रुपये. तुम्ही दिलेत ४,८७५. माझे ३७५ कुठे गेले?’

मी म्हटलं, ‘बाई, व्याज सिस्टीम काढते.’

‘तुझी सिस्टीम कितवी शिकलीय?’

रांगेतली माणसं हसली. मीही हसलो, पण पडद्यावर ठेवीचा इतिहास बघता बघता माझं हसू मावळलं. ठेव माणसानं काउंटरवर उघडली की ज्येष्ठांचा जादा अर्धा टक्का मिळत होता. मुदत संपून यंत्रानं मध्यरात्री आपलं आपण नूतनीकरण केलं की तो गळत होता. ओळ ८७. पास. खाली सुवाच्य अक्षरात सही.

तक्रार वर गेली. तीन आठवड्यांनी दुरुस्ती झाली, बाईंचे पैसे जमा झाले. चौकशी केली तेव्हा आमच्या एका शाखेतच अशा चाळीसेक पावत्या निघाल्या. तक्रार एकच आली होती, कारण वही एकाच घरात होती. बाकीच्यांनी बँकेवर विश्वास ठेवला होता.

पुढची हकीगत अशी, की दिवाळीनंतर आणखी एक ठिगळ लागलं आणि पुढच्या तिमाहीला बाई पुन्हा हजर. पुन्हा तीच वही, पुन्हा तेच ३७५. त्यांना पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला होता. ‘एकदा सोडवलेलं गणित पुन्हा चुकतं म्हणजे काय? माझ्या वर्गात असा एकच मुलगा होता.’ त्या मुलाचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

त्याच सुमारास माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला. तो हिंजवडीत ‘टेस्टिंग’मध्ये आहे. आमच्या सौ.चा बरीच वर्षं असा समज होता, की पोरगं अजून परीक्षाच देतंय आणि काही केल्या पास होत नाही. मीही या विषयात तिच्यापेक्षा फार पुढे नव्हतो. कंदी पेढ्यांचा बॉक्स मध्ये ठेवून मी त्याला ८७व्या ओळीची कथा सांगितली, सहीचा भाग जरा हळू आवाजात.

तो म्हणाला, ‘मामा, हे माणसानं तपासायचं कामच नाही. यासाठी ऑटोमेटेड टेस्ट लिहितात. यंत्राची परीक्षा यंत्रानंच घ्यायची, रोज रात्री.’

‘पण मुदत संपायला वर्ष लागतं त्याचं काय?’

‘चाचणीपुरतं खोटं घड्याळ लावायचं. यंत्राला सांगायचं, आज पुढच्या वर्षाची अमुक तारीख आहे. कर नूतनीकरण.’

‘आणि वेळ किती लागतो?’

‘एक सेकंदसुद्धा नाही.’

मी एक पेढा उचलला आणि परत ठेवला.

मग त्यानं मला सगळी व्यवस्था समजावली. चाचण्यांसाठी तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. मांडववाल्यासारखंच ते. खांब, कनाती, दोर त्याचे. लग्न कुणाचं ते तुम्ही ठरवायचं. प्रत्येक चाचणीआधी हा मांडव पाटी कोरी करून देतो, खोटं गिऱ्हाईक, खोटं खातं, खोटी शिल्लक मांडतो, आणि चाचणी झाली की सगळं पुसून टाकतो, म्हणजे एकीचा खरकटा हात दुसरीला लागत नाही. हे सगळं फार जुनं नाही आणि फार नवंही नाही. केंट बेक आणि एरिक गॅमा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसल्या बसल्या ‘जेयुनिट’ नावाच्या अशा मांडवाचा पहिला खांब रोवला. आम्ही सातारा-पुणे एस.टी.त खंबाटकी घाट येईपर्यंत झोपतो. माणसामाणसांत फरक असायचाच.

दुसरा एक मांडव आहे ‘सेलेनियम’. तो माणसासारखा पडद्यावरची बटणं दाबतो, रकाने भरतो, उत्तर वाचतो. २००४ साली जेसन हगिन्स यांनी तो सुरू केला. त्या वेळी या धंद्यात ‘मर्क्युरी’ नावाची बडी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा, म्हणून हे नाव. परीक्षा घेणारे लोक एवढे विनोदी असतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तपासणीला येणारा ऑडिटर चहासुद्धा गंभीरपणे पितो.

भाच्यानं मांडीवरच्या लॅपटॉपवर बाईंची चाचणी लिहून दाखवली. मराठीत सांगायची तर ती अशी. समजा, गिऱ्हाईक ७१ वर्षांचं आहे. समजा, ठेव तीन लाखांची आहे. समजा, तिची मुदत आज संपली. आता नूतनीकरण कर आणि तिमाहीचं व्याज सांग. ते ५,२५० आलंच पाहिजे. आलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. मग त्यानं भावंडंही लिहिली. साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपणारी ठेव, वाढदिवसाच्याच दिवशी संपणारी ठेव, २९ फेब्रुवारीला ठेवलेली एक वर्षाची ठेव. ‘चुका उंबरठ्यावर बसतात मामा, घराच्या मधोमध नाही,’ असं तो म्हणाला. पोरगं खरंच परीक्षा देतंय आणि पास होतंय, हे सौ.ला त्या दिवशी पटलं.

इथपर्यंत मी कथा सांगितली. आता मला भांडायचं आहे.

आमच्या आधीच्या पिढीनं यंत्राशी मोठी लढाई केली. १९८३ साली बँकांची व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजरं भरणारी यंत्रं आली. त्या काळातले निवृत्त लोक अजून चहाच्या टपरीवर मोर्चाच्या गोष्टी सांगतात. प्रत्येक गोष्टीत प्रश्न एकच असतो, यंत्र माणसाची नोकरी खाणार का? यंत्राची वही कोण तपासणार, हा प्रश्न मी त्यांच्या एकाही गोष्टीत ऐकलेला नाही. वास्तविक तो प्रश्न विचारायला त्यांच्याइतकी लायक माणसं दुसरी नव्हती.

साताऱ्याला तर हे सांगायला नको. १९३६ सालची युनायटेड वेस्टर्न बँक इथलीच. ती २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली. शेजारची सांगली बँक १९१६ सालची. ती २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली. या दोन जिल्ह्यांत पगाराच्या दिवशी बँकवाल्यांच्या घरी बासुंदी व्हायची असा काळ होता. आठ आणे जुळेनात म्हणून रात्री नऊपर्यंत लेजरांवर वाकून बसलेला काका तुम्हाला इथल्या प्रत्येक आळीत सापडेल. जो लिहितो त्यानं तपासायचं नाही, आणि जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हे दोन नियम त्या काकाला झोपेत पाठ होते. मग यंत्र आलं आणि आम्ही दोन्ही नियम टपरीच्या उकिरड्यात टाकले. यंत्रानं काढलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून पाच वाजता घरी जायला लागलो.

चाचण्या का लिहीत नाही, असं सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. उत्तर ठरलेलं आहे. वेळ नाही, खर्च परवडत नाही, तारीख जवळ आलीय. माझं म्हणणं असं, की चाचणी टळत नाहीच. ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर ढकलली जाते. ठिगळ लागतं तेव्हा परीक्षा होतेच, फक्त ती शाहूपुरीतल्या ७१ वर्षांच्या बाई घेतात, त्यांच्या पेन्सिलीनं, त्यांच्या रिक्षाच्या पैशानं. परीक्षकाचं मानधन सोडा, उलट परीक्षकाचेच ३७५ कापले जातात.

कधी चूक गिऱ्हाइकाच्या फायद्याची असते, तेव्हा निदान करमणूक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेच्या खात्यांत आयएमपीएसच्या गडबडीनं सुमारे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. हे घडलं १० ते १३ तारखेच्या दरम्यान, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ तारखेला होतं. इतकी झटपट प्रसन्न होणारी लक्ष्मी कुणी पाहिली असेल? यातले ६४९ कोटी परत मिळाल्याचं बँकेनं लगेचच जाहीर केलं. उरलेल्यांसाठी धावाधाव करताना तिथल्या माझ्या जातभाईंचा पाडवा आणि भाऊबीज कशी गेली असेल, ते मला विचारू नका.

पण चूक उलटी पडली तर काय होतं, ते ब्रिटनच्या टपाल खात्यात दिसलं. १९९९ पासून तिथल्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आलं, फुजित्सू कंपनीचं. खेड्यापाड्यातली पोस्टं चालवणाऱ्या साध्या माणसांच्या गल्ल्यात ते नसलेली तूट दाखवू लागलं. माणसं म्हणाली, आम्ही पैसे घेतले नाहीत. वरून उत्तर आलं, सिस्टीम चुकत नाही. कित्येकांनी घरचे पैसे घालून तूट भरली. नऊशेहून अधिक माणसं चोरी, अफरातफर, खोटे हिशोब असल्या आरोपांखाली दोषी ठरली; काही तुरुंगात गेली. सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे न्यायालयानं २०१९ साली नोंदवलं, आणि त्या शिक्षा सरसकट पुसायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. मी ही हकीगत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कॅश शॉर्ट आली की काउंटरवरच्यानं खिशातून भरायची, हा रिवाज आपल्याकडेही आहे. आणि ‘बाई, व्याज सिस्टीम काढते’ हे माझं वाक्य, जरा गणवेश चढवला तर तेच आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर भाचा म्हणेल मामानं माझी जाहिरात केली. यंत्रानं यंत्राची परीक्षा घ्यायची म्हटलं की कॉपी आलीच. तो स्वतः सांगतो, की घाईत असलेला माणूस कार्यक्रम चालवतो, जे उत्तर येईल तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून चाचणीत उतरवतो, आणि मग दिवा हिरवा लागल्याचा आनंद मानतो. म्हणजे ४,८७५ आले, ४,८७५ च अपेक्षित होते, शाब्बास. काही साहेबांना टक्केवारी हवी असते. सॉफ्टवेअरच्या शंभर टक्के ओळी चाचणीत चालून झाल्या, असा तक्ता पाठवला की ते खूश. पण ओळीवरून चालून जाणं आणि ओळ तपासणं यात फरक आहे. आमचा रखवालदार रोज रात्री तिजोरीवरून चालून जातो, म्हणून तो रोकड मोजतो असं नाही. आणि काही चाचण्या लहरी असतात. एकदा लाल, एकदा हिरव्या. तिथे हिरवा लागेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायची चाल आहे म्हणे. आम्ही अशा रीतीनं रोकड मोजली असती तर आज येरवड्यात असतो.

कॉमर्सवाल्याला हे नवीन नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर असं नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या अकौंटन्सीत शिकवतात. रामची रक्कम श्यामच्या नावावर टाकली तरी तेरीज टुणकन जुळते. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी साधारण १९७० च्या सुमारास हेच सांगून ठेवलं, की चाचणीनं चूक आहे एवढं कळतं, चूक नाही हे कधीच कळत नाही. म्हणून बरोबर उत्तर यंत्राच्या बाहेरून आलं पाहिजे. ज्याला नियम माहीत आहे आणि ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलेलं नाही अशा माणसाच्या पेन्सिलीतून आलं पाहिजे. बाईंच्या वहीची किंमत अक्षरामुळे नाही. ती वही आमच्या सर्व्हरला जोडलेली नाही, म्हणून ती किमती आहे.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. बँक सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा त्याच्या चाचण्याही मोजून घ्याव्यात, जशी आपण मिक्सरबरोबर भांडी मोजून घेतो. प्रत्येक खऱ्या तक्रारीची एक चाचणी झालीच पाहिजे, आणि ती त्या सॉफ्टवेअरच्या मरणापर्यंत रोज रात्री चालली पाहिजे, म्हणजे सुटलेलं गणित पुन्हा चुकणार नाही. अपेक्षित उत्तरं शाखेतल्या माणसांकडून लिहून घ्यावीत, कामाच्या दिवशी, पगारी वेळात. रविवारी वडापाववर नाही. आणि लाल दिवा लागला की ठिगळ थांबलं पाहिजे, मग ते लावण्याचा मुहूर्त कुणीही काढलेला असो. याला खर्च येईल, चाचण्यांची देखभाल करावी लागेल, नियम बदलला की त्याही बदलाव्या लागतील, हे मला मान्य आहे. लेजरं तपासणाऱ्या काकालाही पगार होता. तो वाचवला त्यातलं थोडं इकडे खर्च करा, एवढंच.

हे सगळं मी अडीच पानांत लिहून रीतसर वर पाठवलं. पोच आली. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येत आहे.’ योग्य तो विभाग म्हणजे कोणता, हे कळायला चाचणी नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा यूएटी झाली. ओळी या खेपेला २४०. ८७वी ओळ ९१वी झाली होती, मजकूर तोच. मी पुढे लिहिलं, ‘तपासता आले नाही. तारीख पुढे करून द्यावी.’ साडेचारला फोन आला. पलीकडे एक कोवळा आवाज होता.

‘सर, ९१ नंबरला तुम्ही रिमार्क टाकलाय. तसा ऑप्शन शीटमध्ये नाहीये. पास किंवा फेल, दोनच आहेत.’

‘मग नापास लिहा.’

‘सर, पण फेल का झालं ते सांगावं लागेल.’

‘ते नाही झालं. मी झालोय. मागच्या वेळी.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या आवाजानं विचारलं, ‘सर, एक्झॅक्ट रक्कम किती यायला पाहिजे?’ मी ५,२५० सांगितली. त्यानं लिहून घेतल्याचा आवाज आला, निदान मला तसं वाटलं. सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, आपल्या शाखेमुळे मुंबईची तारीख चुकली, असं नागपुरी गोडव्यानं ऐकवलं. ठिगळ पंधरा दिवस पुढे गेलं आहे. ते का गेलं, हे मला अधिकृतरीत्या कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात बाई आल्या होत्या. पासबुक छापून दिलं. त्यांनी चष्मा बदलला, पेन्सिलीनं आकडे जुळवले, ५,२५० पुढे बरोबरची खूण केली. मी म्हटलं, ‘बाई, आता तुम्हाला एवढा त्रास घ्यायला लागू नये, असं काहीतरी चाललंय.’

‘असू दे की,’ बाई म्हणाल्या आणि पिशवीतून कोरी वही काढून दाखवली. ‘ती संपली. येता येता मोती चौकातून ही घेतली. दोनशेपानी.’